सापडलेली चाल आडवी येते

हल्ली मोबाइलवर बुद्धिबळाचा डाव बघायचा म्हणजे पटाच्या कडेला, कुणाचं पारडं जड ते दाखवणारी, ती काळी-पांढरी उभी पट्टी आलीच. पट्टी हलली की घोडा कसा चालतो हे कालपरवा शिकलेला माणूसही जगज्जेत्याला उद्देशून "अरेरे, हे काय केलंस!" म्हणायला मोकळा. लोकशाही म्हणतात ती हीच असावी.

मला त्या पट्टीपेक्षा इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम) सुचवतं त्या चालीची गंमत वाटते. पुष्कळदा ती अवघड नसतेच. तिच्यामागचा हिशेब क्लबातला साधा खेळाडूही करील, पण ती चाल बघावी असं कुणाला वाटलेलंच नसतं. ऐन मोक्याच्या घरात जाऊन बसलेला घोडा मुकाट माघारी न्यायचा, हे आपल्या हाताला पटत नाही. हाताचं जाऊ द्या, डोळ्यालाच पटत नाही.

2008 साली बिलालिच, मॅकलाउड आणि गोबे या संशोधकांनी याचा छान छडा लावला. त्यांनी निष्णात खेळाडूंपुढे एक पट मांडला. त्यात पाच चालींत मात होती, अगदी ओळखीची: वजिराचा बळी द्यायचा, राजाला त्याच्याच मोहऱ्यांत कोंडायचं आणि घोड्याने काम संपवायचं. क्लासला जाणाऱ्या पोरांनाही पाठ असते ती. पण त्याच पटावर तीन चालींतही मात होती. खेळाडूंनी ओळखीची मात झटकन सांगितली, आणि आता याहून छोटी शोधतोय, असंही सांगितलं. डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र मात्र वेगळंच दाखवत होतं. नजर फिरून फिरून सापडलेल्या उत्तराच्याच घरांवर! ती पाच चालींची वाट बंद करून पट पुन्हा मांडला, तर त्याच तोडीच्या खेळाडूंना छोटी मात दिसली.

यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. आपण शोधतोय असं त्यांना खरंच वाटत होतं, आणि मला अस्वस्थ करतं ते एवढंच. इंजिनाचा जीव सापडलेल्या चालीवर जडत नाही. त्यापेक्षा बरी सापडली की जुनी गेली.

पण जीव जडण्याचे फायदेही आहेत. 1998 साली स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत टोपालोव या ग्रँडमास्टरविरुद्धच्या अंत्यखेळात (मोजकीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात) ग्रँडमास्टर शिरोवने, काळ्याकडून खेळताना, आपला उरलासुरला उंट सरळ पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी दिला. त्याच्या राजाला मधल्या घरांत घुसायचं होतं आणि वाटेत त्याचाच उंट उभा होता. तो नुसता बाजूला घेतला असता, तर पांढरा राजा वेळेत आडवा आला असता. म्हणून तो h3 या घरात नेऊन चक्क टाकून दिला. त्या काळच्या इंजिनांना ही चाल सापडत नव्हती. शिरोवला राजा कुठे पोहोचायला हवा ते आधी दिसलं असणार, आणि मग उंटाची किंमत कोण करत बसतो?

अर्थ दिसला की आपण असे सुसाट सुटतो. अर्थच नसला तर? दोन उंट विरुद्ध एक घोडा, दोन्ही राजे सोडले तर बाकी पट रिकामा. घोड्यावाल्याने नीट बचाव केला तर हा डाव बरोबरीत सुटतो, असं क्लिंग आणि हॉर्विट्झ या बुद्धिबळाच्या अभ्यासकांनी 1851 मध्ये सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. 1983 मध्ये केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञाने संगणकाकडून एकूणएक स्थिती तपासून घेतल्या, तर निघालं की हा डाव जिंकता येतो, जास्तीत जास्त 66 चालींत. त्या चाली समोर ठेवून बघितल्या तरी बराच वेळ काही घडतंय असं वाटत नाही. उंट इकडून तिकडे, राजा तिकडून इकडे.

त्यात पंचाईत अशी की नियमानुसार एकही मोहरं मारलं न जाता आणि प्यादं न हलता 50 चाली झाल्या की बरोबरी मागता येते. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, अशा काही अंत्यखेळांसाठी ती मर्यादा वाढवूनही पाहिली. 1992 मध्ये सवलती काढून टाकल्या आणि पुन्हा सरसकट 50. तेवढ्यात जमलं तर जिंका, नाहीतर हात मिळवा आणि जेवायला चला.