तुम्ही विचारलंत म्हणून: जपानी मासिकवाल्यांनी नेमकं विचारलं काय?

मी देवनागरी फॉन्ट बनवतो. मध्यंतरी एका जपानी डिझाइन मासिकात माझी मुलाखत आली, तेव्हापासून भेटेल तो हेच विचारतो की अरे, त्यांनी तुला विचारलं तरी काय? लोकांना वाटतं झेन, अध्यात्म, भारतीय रंग वगैरे. छे.

पुण्यात घरीच आले होते. संपादक, लेख लिहिणारी बाई, फोटोग्राफर आणि दुभाषी. दोन्ही हातांनी व्हिजिटिंग कार्ड, मिठाईचा खोका, आणि त्यातली एकेक वडी वेगळ्या कागदात, त्यामुळे सोडवता सोडवता चहा गार. आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, या क्षेत्राकडे कसे वळलात. यांनी माझ्या फॉन्टची प्रिंट काढून आणली होती आणि त्यावर पेन्सिलने दोन 'ल'ना गोल केलेले. एकाच फॉन्टमध्ये हे अक्षर दोन तऱ्हेचं का?

खरं सांगतो, हा प्रश्न मला इथे कोणी विचारलेला आठवत नाही. आपला ल पाकळ्यांचा, हिंदीचा दांडीचा. 2009 मध्ये राज्य सरकारने जीआर काढून पाकळीचा ल प्रमाण म्हणून सांगितला, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या नंबरांनी ओळखतो त्या यादीत, दोघांचा कोड एकच, त्यामुळे फॉन्टच्या पोटात दोन्ही आकार ठेवायचे आणि मजकुराची भाषा मराठी लावलेली असेल तर आपला ल यावा अशी सोय करायची, आता ती भाषा लावतंय कोण आणि बरीचशी अ‍ॅप्स तरी कुठे ऐकतात, म्हणून मग लग्नपत्रिकेपासून फ्लेक्सपर्यंत सगळीकडे दांडीचा ल मिरवतो. हे सगळं समजवायला अर्धा तास लागेल असं धरून बसलो होतो. संपादकांनी गप वही उघडली आणि 'हाड' या अर्थाची कांजी, म्हणजे चिनीतून जपानीत आलेलं अक्षर, दोनदा काढली. वरच्या चौकोनातला छोटा कोपरा जपानीत उजवीकडे, चीनमध्ये डावीकडे. कोड एकच! चुकीचा फॉन्ट लागला की जपानी मजकुरात चिनी वळण येतं आणि वाचणाऱ्याला खटकतं. मी म्हटलं, अहो, आमच्यात खटकतच नाही हा प्रॉब्लेम आहे.

तिथून गाडी सुटली. देवनागरी उभी लिहिता येते का, तुकडा कुठे पाडता? मी त्यांना घेऊन सरळ स्टेशनजवळच्या लॉजच्या बोर्डाखाली गेलो. 'लॉ' वर, 'ज' खाली. मात्रा आपल्या अक्षराला धरूनच राहते, 'पुस्तक' उभं लिहायचं तर पु, स्त, क, मध्ये स सुटा करायचा नाही, आणि शिरोरेषेचे मात्र तुकडे होतात. फोटोग्राफरने त्या बोर्डाचे इतके फोटो काढले की मॅनेजर बाहेर आला, त्याला वाटलं महापालिकेची माणसं आली.

मानधन यथातथाच. पण छापायच्या आधी सगळा मजकूर तपासायला पाठवला, तिकडच्या मासिकांत ही बऱ्यापैकी रीत आहे, आणि आपल्याकडे ती यायला हवी असं माझं ठाम मत आहे, कारण इथे मी न बोललेली वाक्यं माझ्या नावावर छापून आलेली आहेत.

आता सगळंच गोड होतं असंही नाही. फॉन्टची चोरी करणाऱ्या क्लायंट्सबद्दल मी तावातावाने बोललो होतो, तो भाग फारच मऊ होऊन आला. तिकडच्या मुलाखतीत वाक्यानंतर कंसात एक कांजी टाकतात, 'हसून' अशा अर्थाची. माझ्या रागाच्या प्रत्येक वाक्यामागे ती होती. मी कळवलं की मी हसत नव्हतो, काढा. उत्तर आलं की काढली तर वाचकांना तुम्ही भांडखोर वाटाल. मी म्हटलं वाटू दे. मग एक काढली, दोन ठेवल्या.