एकच फिल्म, दोन उत्तरं

"ही फिल्म मी पाहिलेलीच नाही, मॅडम," सर ठामपणे म्हणाले. माझ्या तक्त्यात मात्र त्या फिल्मवरची त्यांची दोन उत्तरं होती. चार आठवड्यांच्या अंतराने दिलेली, दोन्ही संगणकाच्या मदतीशिवाय. आधी 'टीबी नाही', नंतर 'दाट शक्यता'.

मी संख्याशास्त्राची. छातीचे एक्स-रे वाचताना संगणकाची मदत मिळाली तर टीबी जास्त अचूक ओळखला जातो का, हे आम्ही तपासत होतो. पाच डॉक्टर आणि सगळ्यांना त्याच फिल्म, मदतीसह आणि मदतीशिवाय. खरं-खोटं ठरायचं ते थुंकीच्या कल्चरवर, म्हणजे थुंकीतून टीबीचे जंतू वाढतात का, त्या तपासणीवर. मोजमाप आरओसी वक्राखालच्या क्षेत्रफळाचं, म्हणजे एक टीबीचा आणि एक बिनटीबीचा रुग्ण समोर ठेवला, तर डॉक्टर किती वेळा टीबीच्या रुग्णावर जास्त संशय घेतो.

पहिल्या हिशोबात फायदा ठळक दिसला. पण त्यात प्रत्येक वाचन सुटं धरलं होतं, जणू हजार वेगवेगळ्या माणसांनी हजार फिल्म पाहिल्या! एकाच डॉक्टरची वाचनं एकमेकांशी बांधलेली असतात. मी ओबुचोव्स्की-रॉकेट पद्धतीने पुन्हा मांडणी केली, फिल्मसोबत डॉक्टरांमधला फरकही धरला. तिघं सुधारले होते, एक जागच्या जागी, एक चक्क घसरला होता. विश्वासमर्यादा, म्हणजे खरा फायदा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, रुंदावली आणि शून्य तिच्या आत आलं. म्हणजे फायदा मुळीच नसण्याचीही शक्यता उरली. याच पाच जणांना फायदा झाला का, एवढंच विचारायचं असतं तर गोष्ट वेगळी. मला काळजी होती ती तालुक्याच्या दवाखान्यात बसलेल्या सहाव्या डॉक्टरची.

हे सरांना सांगताना माझे हात गार पडले होते. म्हणून १९४७ सालचा अमेरिकेतला अभ्यास काढला. टीबीसाठी कोणत्या आकाराची फिल्म चांगली, हे शोधायला निघालेल्या त्या मंडळींना आढळलं की फिल्मपेक्षा वाचणाऱ्यांमधलाच फरक मोठा आहे. तोच माणूस दुसऱ्यांदा वेगळं वाचतो. सरांनी ऐकून घेतलं, पण पटलं नव्हतं. तेव्हा त्यांचीच फिल्म उघडली.

ते पुढे वाकले. उजव्या कॉलरबोनमागे पुसटशी सावली होती, हाडाच्या कडेत मिसळलेली. त्यांनी फिल्म मोठी केली, उजेड कमी-जास्त केला.

"कल्चर?"

"पॉझिटिव्ह."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग विचारलं, "अजून किती रीडर लागतील?"

"निदान दहा. आणि सगळे मोठ्या हॉस्पिटलमधले नकोत."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि जिल्ह्यांतल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून फोन लावायला घेतला.