पेटी, पाटी आणि नेल रायटर: प्रेडिक्शनच्या साहित्याचं काम कुठवर आलं

गणेशोत्सवातल्या जादूच्या कार्यक्रमांसाठी तीन वस्तूंचं काम चालू आहे: वर्तमानपत्राच्या मथळ्याचं भाकीत (प्रेडिक्शन) ठेवायची पेटी, तीन रकान्यांची पाटी आणि नेल रायटर, म्हणजे अंगठ्याला चिकटवून गुपचूप लिहायची शिस. पेटी जवळपास झाली. पाटीची झडप, म्हणजे आधी लिहिलेलं झाकणारा पांढरा पत्रा, पुन्हा कापायची आहे. नेल रायटर वापरात आहे. तिन्हींचं तत्त्व जुनंच आहे, उत्तर कळल्यावर लिहायचं आणि ते आधीपासून लिहिलेलं दिसायला हवं, त्यामुळे त्यावर शब्द घालवत नाही. यांतली चलाखी पकडली जाते ती कडेला: झडपेची कड, नळीचं तोंड, आकड्याची पहिली रेघ. म्हणून इथे मापं जास्त आहेत.

दुसरं म्हणजे जागा. कोल्हापुरात तालमीच्या किंवा मंडळाच्या मांडवात प्रकाश समोरून कमी आणि बाजूच्या बांबूला बांधलेल्या एलईडी फोकसमधून जास्त येतो. पंखा चालू, हवेत ओल आणि पहिली रांग दोन हातांवर. घरच्या ट्यूबलाइटखाली बिनबोभाट चालणारी झडप तिथे सावली टाकते. मापं ठरवताना हा मांडवच धरला आहे.

पेटी

बाहेरची पेटी ९ मिमी प्लायची, बाहेरून २०० × १५० × १२० मिमी, कडी आणि छोटं कुलूप. आत ३ मिमी प्लायची १०० × ७० × ४० मिमीची डबी, बिजागरीचं झाकण, त्यावर दोन रबरबँड. मागच्या फळीतल्या फटीतून एक चपटी पत्र्याची नळी आतल्या डबीच्या झाकणाखाली जाते आणि झाकण किंचित उघडं धरून ठेवते. घडी घातलेला कागद नळीतून आत सरकवला आणि नळी ओढून काढली की रबरबँड झाकण मिटवतात. नाणं एकात एक डब्यांमध्ये सापडण्याच्या जुन्या खेळातली हीच नळी, फक्त रुंद.

नळीची लांबी अशी काढली: फळी ९, मधलं अंतर ४०, डबीच्या आत २५, बाहेर धरायला ६, एकूण ८० मिमी. आतली मोकळीक २४ × ६ मिमी. २८ गेजचा जीआय पत्रा लाकडी ठोकळ्यावर वाकवून घेतला. उद्यमनगरात पत्रा कापून वाकवून देणारे भरपूर आहेत, पण ठोकळा आपला न्यावा, नाहीतर कोपरे गोल येतात आणि कागद त्यात पाचरीसारखा बसतो. जोड रुंद बाजूला घ्यायचा आणि डाग (सोल्डर) बाहेरून द्यायचा. आत डागाचा एक थेंब जरी उतरला तरी कागद तिथेच अडकतो. बारीक कानसीने आतली कड मारून मेणबत्ती घासली की कागद बोटाच्या एका ढकलीत जातो.

कागद ए-फोरचा चौथा भाग, १०५ × १४८ मिमी, ७० जीएसएम. १०५ ची बाजू पंख्यासारखी पाच घड्यांत २१ मिमी करायची, मग लांबी दोनदा दुमडून ३७ मिमी. वीस थर होतात, दाबल्यावर दोन मिमी, सोडल्यावर फुगून चार-पाच. यापेक्षा जाड कागद घेतला तर घडी नळीतच उमलते. घडी नखाने नाही, स्टीलच्या पट्टीने दाबायची.

आता जे बिघडतं ते. नळी ओढताना आतली डबीही मागे ओढली जाते, फळीवर आपटते आणि टक् असा आवाज होतो. उपाय साधा: डबीच्या मागे, नळीच्या दोन्ही बाजूंना १२ मिमीच्या दोन पट्ट्या तळाला खिळायच्या, डबी त्यांना टेकून राहते. झाकण मिटण्याचा आवाज मात्र राहतोच, त्यासाठी झाकणाच्या आतल्या काठाला फ्लॅनेलची पट्टी. ती तिन्ही बाजूंना हवी, फक्त पुढे लावली तर झाकण तिरकं बसतं.

रबरबँड हा खरा त्रास. ओल्या हवेत ते व्हार्निशला चिकटतात आणि झाकण अर्ध्यावर थांबतं. प्रत्येक कार्यक्रमाला नवे बँड, वर चिमूटभर टाल्कम पावडर. कापडी इलॅस्टिक जास्त टिकतं, पण ते मुद्दाम बसवल्यासारखं दिसतं. रबरबँड कुणालाही खटकत नाही, उलट ती बंदोबस्ताची खूण वाटते. साहित्य जितकं कचेरीतलं किंवा दुकानातलं दिसेल तितकं बरं. नक्षी, मखमल, सोनेरी कोपरे लावले की लोक पेटीकडे बघायला लागतात, मथळ्याकडे नाही.

मागची फट २५.५ × ८ मिमी. नळी निघाल्यावर ती झाकायला एका स्क्रूवर झुलणारी पितळी नावपट्टी लावली आहे. पट्टी स्वतःच्या वजनाने खाली येते. पावसाळ्यात प्लाय फुगून ती घासत होती. मध्ये पितळी वॉशर घातला आणि फटीच्या कापलेल्या कडांना व्हार्निशचे दोन हात दिले, आता सुटते. प्लायच्या उघड्या कडा कोरड्या ठेवायच्याच नाहीत. एमडीएफ तर या हवामानात फटीजवळ पावासारखा फुगतो.

पेटी आठवडाभर मंडळाच्या अध्यक्षांकडे किंवा शाळेत मुख्याध्यापकांकडे राहते, तेव्हा मागे आलेल्या ६ मिमी तोंडाचं काय? पेटीला चारी बाजूंनी १० मिमी थर्माकोल, मागच्या तुकड्यात तोंडापुरता खड्डा, वरून मांजरपाटाची शिवलेली पिशवी आणि गाठीवर लाखेचं सील. पिशवी स्टेजवर आपण फाडायची. कापड खाली येत असताना डावा तळवा आपसूक मागे असतो, तेवढ्यात कागद आत आणि नळी पिशवीबरोबर बाजूला. किल्ली मग प्रेक्षकाच्या हातात.

मथळा कुठला घ्यायचा यावर थोडं. ‘पुढारी’ किंवा ‘सकाळ’ची त्या दिवशीची कोल्हापूर आवृत्ती, पहिल्या पानाचा मुख्य मथळा आणि एका फोटोचं वर्णन. मथळा शब्दशः लिहू नये. एक शब्द चुकलेला आणि क्रम थोडा वेगळा असेल तर जास्त पटतं. कागदावरची तारीख पेटी दिली त्या दिवशीची. ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी किंवा राधानगरीचा कितवा दरवाजा उघडला हे भाकीत करू नये. एक तर ते कुणीही करेल, आणि २०१९ व २०२१ चा पूर ज्यांच्या घरात शिरला होता ती माणसं समोर बसलेली असतात. अपघात, मृत्यू, निवडणूक हेही नको. क्रीडापान उत्तम.

आणि हा खेळ आहे, सिद्धी नाही, हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगायचं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे म्हणून तर आहेच, पण तसं सांगितल्याने परिणाम कमी होत नाही.

पाटी

जादूगार हेन फेच यांच्या ‘मेंटल एपिक’ या तीन भाकितांच्या खेळावरून सुचलेली, पण यंत्रणा सोपी करून घेतलेली. ६ मिमी प्लाय, ४५० × ३०० मिमी, वर व्हाइटबोर्डचं विनाइल. वर तीन चौकटी भाकितांसाठी, खाली तीन उत्तरांसाठी, प्रत्येकी १३० × ९० मिमी. मध्ये १२ मिमीची पट्टी, तिच्यावर काळी कार्डं उभी राहतात.

क्रम असा. पाटी कोरी दाखवायची, ती खरोखर कोरीच असते. पाटी आपल्याकडे वळवून ‘पहिलं भाकीत’ म्हणून तिसऱ्या चौकटीत फोर्सचा शब्द, म्हणजे प्रेक्षकाला नकळत जो निवडायला लावणार तो, लिहायचा. पहिल्या काळ्या कार्डामागे बोटांनी धरलेली पांढरी झडप तिसऱ्या चौकटीवर बसवायची, कार्ड पहिल्या चौकटीवर. आता प्रेक्षकांना एक झाकलेली आणि दोन कोऱ्या चौकटी दिसतात. पहिलं उत्तर खाली उघड लिहायचं. दुसऱ्या भाकिताच्या वेळी तेच उत्तर पहिल्या कार्डामागे लिहायचं आणि दुसरं कार्ड दुसऱ्या चौकटीवर. तिसऱ्या वेळी दुसरं उत्तर दुसऱ्या चौकटीत. तिसऱ्या कार्डात चुंबक आहेत, ते झडपेवर ठेवायचं. शेवटी कार्ड उचललं की झडप त्यामागे चिकटून जाते.

झडप तेलाच्या डब्याच्या ०.३ मिमी पत्र्याची आहे. वजन साधारण २८ ग्रॅम भरतं. ॲल्युमिनियमचा पत्रा सरळ कापला जातो, पण त्याला चुंबक लागत नाही. तिच्यावरचं विनाइल पाटीवरच्याच रोलमधलं हवं. दुसरा तुकडा आणला तर पांढऱ्यात निळसर फरक येतो, आणि एलईडीखाली तो ठळक दिसतो. चौकटींना ४ मिमी काळी रेघ काढली आहे आणि झडप १३४ × ९४ मिमी कापायची, म्हणजे तिची कड रेघेच्या मध्यावर पडते. झडपेवर स्वतःची २ मिमी काळी किनार, आणि कापलेली कड काळ्या परमनंट मार्करने रंगवलेली. आत्ताची झडप १३० × ९० ची, म्हणजे चौकटीएवढीच आहे. समोरून काही कळत नाही, बाजूच्या फोकसमध्ये डावीकडे बारीक सावली पडते. तीच बदलायची आहे.

पकडीचं गणित नाजूक. झडप पट्टीवर टेकते, त्यामुळे घसरत नाही. पुढे कलू नये म्हणून वरच्या काळ्या रेघेखाली रबरी चुंबकाची पट्टी पुरते. कार्डात १० × २ मिमीचे चार निओडिमियम चकतीचे चुंबक, ५ मिमी फोमबोर्डमध्ये पाठीच्या बाजूने बसवून. कार्डाची ओढ पाटीच्या पकडीपेक्षा निदान दुप्पट हवी, नाहीतर झडप एका कोपऱ्याला लटकते. उलट टोक म्हणजे पाटीवरही निओडिमियम लावणं. मग झडप सुटताना ‘कट्’ वाजते आणि सगळी पाटी हलते.

शाई ओली असताना झडप ठेवली तर शब्द पुसट होतो. टोपण लावायचं, एक वाक्य बोलायचं, मग झडप. ओल्या हवेत शाईला थोडा जास्त वेळ लागतो.

आवाजाचा मुद्दा देवनागरीत वेगळाच आहे. मार्करची शिरोरेषा शेवटी लांब ‘सर्र’ अशी ऐकू येते. पहिल्या रांगेला अक्षरं मोजता येत नाहीत, पण रेषा किती लांब गेली ते कळतं. म्हणून फोर्सचा शब्द आणि पहिल्या दोन उत्तरांची लांबी जवळपास सारखी राहील असे प्रश्न ठेवायचे. तिसऱ्याला ‘पन्हाळा’ फोर्स केला असेल तर पहिले दोन प्रश्न तीन-चार अक्षरी नावांचे: आवडती भाजी, शाळेतल्या मित्राचं नाव. कुणी ‘नृसिंहवाडी’सारखं लांबलचक उत्तर देईल असा प्रश्न नको.

फोर्ससाठी दुहेरी कप्प्याची पिशवी. एका कप्प्यात रंकाळा, जोतिबा, खिद्रापूर, दाजीपूर, आंबा अशा वेगवेगळ्या ठिकाणांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात सगळ्या पन्हाळा. जाड गडद कापड, मधला पडदा तोंडापासून एक सेंटिमीटर खाली. पडदा तोंडाला टेकला की हात घालणाऱ्याच्या बोटांना तो लागतो. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या आणि सारख्या घडीच्या असाव्यात. एवढंच, पिशवीत फार कारागिरी करू नये.

नेल रायटर

चिकटवायचा प्रकार घेतला आहे, अंगठीचा नाही. ०.३ मिमी पितळी पत्र्याचा ८ × ६ मिमी तुकडा, मध्ये छोटी नळी, तीत २ मिमी क्लच पेन्सिलची २बी शिस. गुजरीत दागिने घडवणारे एवढा पत्रा ओढून आणि नळी डागून देतात, घरी डाग नीट बसत नाही. शिस बाहेर एक मिमी. जास्त काढली तर तुटते, कमी ठेवली तर पत्राच कार्डावर ओरखडा काढतो. अंगठ्याला दुहेरी टेपने, नखाखाली मांसल भागावर. घाम आला की टेप सुटते, त्यामुळे आधी अंगठा स्पिरिटने पुसायचा आणि टेप प्रत्येक वेळी नवी.

कार्ड ३०० जीएसएम मॅट आयव्हरी, ९० × ५४ मिमी. २०० च्या खालचं कार्ड अंगठ्याच्या दाबाने वाकतं, आणि वाकलेलं कार्ड लांबूनही दिसतं. चकचकीत कार्डावर शिस उमटतच नाही. त्यावर काचेवर लिहायची पेन्सिल चालते, पण रेघ जाड येते. लिहायची मोकळी जागा उजव्या खालच्या कोपऱ्यापासून ३५ मिमीच्या आत असावी, अंगठा त्यापलीकडे पोचत नाही.

आकड्यांमध्ये ८ सगळ्यात सोपा. १ आणि ९ ची गाठ अंगठ्याने बुजते आणि दोन्ही एकसारखे दिसतात. शक्य तिथे आकडा लिहायचाच नाही. छापील पर्यायांपुढे फुली मारण्यापुरती रचना केली तर गुप्त काम दोन रेघांचं उरतं. आकडा लिहावाच लागला तर कार्डावरचा बाकी मजकूर त्याच शिसेने आणि कार्ड हातात धरून, थोडा वेडावाकडाच लिहायचा. टेबलावर टेकून लिहिलेल्या सुबक ओळीखाली थरथरता आकडा आला की तो लगेच वेगळा पडतो.

याच कार्डासाठी खिडकीचा लिफाफा केला आहे. खाकी लिफाफ्याच्या मागच्या बाजूला २५ × १८ मिमी खिडकी, तिच्यातून बंद लिफाफ्यातल्या कार्डावर लिहिता येतं. ती बाजू कायम आपल्याकडे. लिफाफा आडव्या टोकाला फाडायचा, म्हणजे खिडकीवर तळवा राहतो. जोडायला पातळ पांढरा गोंद नको, त्यातल्या पाण्याने खाकी कागदाला सुरकुत्या पडतात. ६ मिमी दुहेरी टेप वापरायची. तयार डिंकाची झाकणं या हवेत आपोआप चिकटतात, म्हणून मध्ये बटर पेपरची पट्टी घालून डब्यात ठेवायचे.

राहिलेलं काम: १३४ × ९४ ची नवी झडप कापणं, तिसऱ्या कार्डातले चुंबक अर्धा मिमी आत बसवणं आणि पेटीच्या नावपट्टीचा स्क्रू बदलणं. आत्ताचा स्क्रू जास्त आवळला की पट्टी अडते आणि सैल केला की पिशवीत वाजते, त्यामुळे मागून नट लावता येईल असा बोल्ट शोधतो आहोत.