गुऱ्हाळाचा धूर

पुणे ते कोल्हापूर, सकाळचं साधं उड्डाण. एका इंजिनाचं हेलिकॉप्टर, मागे एक जोडपं आणि त्यांच्या ऐंशीच्या आत्या. कराड मागे पडलं आणि पॅनेलवर इंजिन चिपचा पिवळा दिवा लागला.

तेलाच्या वाटेत एक लोहचुंबकाचा प्लग असतो. तेलातून धातूचे कण आले की त्याला चिकटतात, सर्किट जुळतं, दिवा लागतो. बऱ्याचदा नुसती भुकटी निघते. तरी दिवा लागला की बरी जागा बघून उतरायचं. मी जागाच शोधत होतो, तेवढ्यात मागे काहीतरी करकरलं, नाक डावीकडे हिसकलं आणि कानात इंजिन बंद पडल्याचा हॉर्न सुरू झाला. जमिनीपासून उंची हजारेक फूट.

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, असं लोक म्हणतात. डावा हात वेळेत खाली गेला नाही तर खरंच पडतं. त्या हातात कलेक्टिव्ह नावाचा दांडा असतो. एरवी वर जायचं तर तो ओढायचा, आणि घाबरलेला माणूस नेमका तोच ओढतो. दोन सेकंदांत रोटरचे फेरे मरतात. उलट तो पार खाली दाबला, तर पात्यांचा कोन उतरतो आणि खालून येणारी हवाच रोटर फिरवत ठेवते. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांसारखं, फक्त वारा आपणच खाली येऊन तयार करायचा, मिनिटाला दीड हजार फुटांनी. म्हणजे माझ्या हाताशी चाळीसेक सेकंद. नाशिकला गांधीनगरात चेतक हेलिकॉप्टरवर शिकताना प्रशिक्षक न सांगता इंजिनाची ताकद काढून घ्यायचे. तेव्हा मनात शिव्या घालायचो. त्या दिवशी हात डोक्याच्या आधी खाली गेला.

आता वारा कुठला? खाली एका गुऱ्हाळाचा धूर नैर्ऋत्येला कललेला दिसला. म्हणजे तोंड ईशान्येला करायचं. चहूकडे उभा ऊस. मध्ये काढणी झालेल्या सोयाबीनचं एक रान, अलीकडे विजेची लाईन. वरून तारा दिसत नाहीत, खांब शोधावे लागतात. लाईन ओलांडली, शंभरेक फुटांवर नाक उचलून वेग मारला, मग सरळ केलं आणि जपून ठेवलेले रोटरचे फेरे कलेक्टिव्ह ओढून एकदाच खर्च केले. स्किड, म्हणजे हेलिकॉप्टरच्या पोटाखालचे दांडे, पेरणीच्या तासांच्या दिशेनेच टेकले, थोडं घसरले, थांबले. आडवे टेकले असते तर उलटलोच असतो.

मागून आत्या म्हणाल्या, "आलं का कोल्हापूर?"

"नाही हो आत्या, पेठच्या अलीकडे आहोत."

गुऱ्हाळावरची माणसं धावत आली. गूळ शिजवणारा गुळव्या तेवढा आला नाही; रसाची काहील उतरायला आली होती, तो लांबूनच हात वर करून विचारत होता, सगळे ठीक ना. मला ते फार पटलं.

संध्याकाळी इंजिनिअरने प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. नखाच्या टोकाएवढ्या चकचकीत कपच्या, एखादं बेअरिंग सुटत चालल्याच्या. आठ दिवसांपूर्वीही हाच दिवा लागला होता. तेव्हा भुकटीच निघाली. प्लग पुसला, इंजिन जमिनीवर चालवून पाहिलं, दिवा लागला नाही. सगळं नियमाप्रमाणे. लॉगबुकात ती नोंद काढून पाहिली. हेलिकॉप्टर स्वीकारल्याची सही माझीच होती.