जून आणि पिकेल

जळगावहून येताना मी एक अ‍ॅवोकॅडो आणला. एका फळाचे एकशेवीस रुपये. रावेर तालुक्यात, केळीच्या बागेवर चाललेल्या घरात, असं फळ विकत आणायला छाती लागते. आप्पांनी किंमत ऐकली, फळ तळहातावर तोललं आणि काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

घाई नडली. त्याच संध्याकाळी कापला. गर कच्च्या भोपळ्यासारखा टणक, चव कडवट. आई म्हणाली, "याले लोणीफळ म्हणता?" आप्पा मात्र बी न्याहाळत होते. तिच्यावरची साल तपकिरी, कागदासारखी पातळ, नखाने सुटत होती. म्हणाले, "फय जून हाये, पिकेल नाही." म्हणजे फळ पूर्ण भरलंय, पण अजून पिकलेलं नाही.

मी नंतर वाचलं, खरोखर तसंच असतं. कोवळ्या अ‍ॅवोकॅडोत बीवरची साल जाड, पांढरट आणि गराला धरून असते. असं फळ तोडलं तर ते पिकत नाही, सुरकुततं आणि चिवट होतं. आप्पांनी ते आंब्याच्या कोयीवरून ताडलं होतं.

अ‍ॅवोकॅडोची गंमत अशी की तो झाडावर पिकतच नाही. झाडावर फक्त जून होतो, तेल भरत जातं; मऊ व्हायला सुरुवात होते ती तोडल्यावर. म्हणून जून झालेलं फळ बागायतदार आणखी काही आठवडे झाडावरच ठेवू शकतो. झाड हीच वखार. केळीला ही सवलत नाही. घड भरला, फळाच्या धारा बोथट झाल्या की कटाई करावीच लागते, नाहीतर साल फाटते. तोडल्यावर मात्र दोघांचं काम एकच. फळ स्वतःच इथिलीन वायू सोडतं आणि त्याच वायूने पिकतं. सावद्याला केळी पिकवायच्या बंद खोल्यांत, रायपनिंग चेंबरमध्ये, तोच वायू बाहेरून सोडतात.

पुढच्या वेळी दोन आणले. आप्पांनी दोन पिकलेल्या केळ्यांसोबत वर्तमानपत्रात गुंडाळून ते धान्याच्या कोठीवर ठेवले. मी रोज अंगठ्याने दाबून बघायचो, तर ओरडले: दाबलेल्या जागी डाग पडतो, मुठीत धरून बघ. चौथ्या दिवशी देठाची गुंडी हलकेच निघाली, खाली गर पिवळसर हिरवा. कळण्याच्या भाकरीवर मीठ, लिंबू आणि ठेचा घालून खाल्ला. आई दुसरा घास मागेल असं वाटलं नव्हतं.

मे महिन्यात हाच प्रयोग फसला. बाहेर पंचेचाळीस, घरात पस्तीसच्या वर. फळ काळं पडलं, आत रबरासारखं. आप्पांना नवल वाटलं नाही. जास्त उष्णतेत केळीही वरून हिरवीच राहते आणि आतून गळून जाते. चेंबर थंड ठेवायचं कारण तेच.

बिया मी फेकल्या नाहीत. पहिलं रोप काळ्या मातीत लावलं, पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं आणि आठवड्यात सुकलं. या झाडाची मुळं उथळ असतात, साचलेलं पाणी त्यांना चालत नाही. दुसरं रोप वाळू आणि शेणखत घालून उंच वाफ्यावर, केळीच्या सावलीत. ते आता कमरेएवढं आहे. बियांचं झाड, फळाला आठ-दहा वर्षंही लागतील आणि मूळ झाडासारखं फळ येईलच असं नाही. म्हणून बागायतदार कलमंच लावतात.

फुलाचा हिशेब सांगितला तेव्हा आप्पा खूप हसले. एकच फूल दोनदा उघडतं: पहिल्यांदा मादी म्हणून, मग मिटतं आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही जातींची मादी सकाळी उघडते, काहींची दुपारी. हास सकाळवाली, फुएर्ते दुपारवाली. दोन्ही शेजारी असल्या तर परागीकरण नीट जुळतं. आणि हजार फुलांत एखादं फळ टिकलं तरी पुष्कळ.

"म्हंजे अजून एक लावा लागीन," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ठिबकची एक नळी त्या वाफ्याकडे वळवलेली दिसली.