बोझमनचा हिवाळा, छपराखाली

आमची लेक अमेरिकेत मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीत पीएचडी करते. तिला जरा उसंत मिळते ती डिसेंबर-जानेवारीतच, म्हणून आम्ही दोघं ऐन थंडीत तिच्या विद्यापीठाच्या गावी, बोझमनला गेलो. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, हे सहकारी बँकेतून निवृत्त. यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. निघण्याआधी ज्याला त्याला एकच काळजी, "तिथे थंडीत स्कीइंगशिवाय काही नसतं हो, घरात बसून कंटाळाल."

पहिला आठवडा तसाच गेला. तिसऱ्या दिवशी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये मी घसरले आणि मनगट मुरगळलं. मग लेक लॅबला गेली की आम्ही दोघं खिडकीतून बर्फ बघत बसायचो. ते आठ दिवस वाया गेले याची हळहळ मला अजून आहे. मुलांकडे हिवाळ्यात गेलेले कितीतरी आईवडील असेच बसून राहत असतील. हे लिहितेय ते त्यांच्यासाठी, आणि त्यांना बोलावणाऱ्या मुलांसाठीही.

आधी पायांचं. डांबरावर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, तो डोळ्यांना दिसतच नाही. बुटांवर चढवायची रबरी जाळी मिळते, खाली छोटी लोखंडी टोकं असलेली. ती गावात पोचल्या दिवशी घ्या, पडल्यानंतर नको. आत शिरताना मात्र काढा, फरशीवर तीच घसरते. बाहेर उणे वीस असलं तरी आत एकवीस-बावीस डिग्री असतं, त्यामुळे डोक्यातून घालायचे जाड स्वेटर उपयोगाचे नाहीत. पुढून चेन असलेला घ्या, काढता-घालता येतो. गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,४७० मीटरवर आहे आणि हवा कमालीची कोरडी. ओठ फुटतात, नाक आतून सुकतं, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा बारीक झटका बसतो. खोबरेल तेलाची छोटी बाटली पर्समध्ये ठेवा आणि तहान लागली नाही तरी पाणी प्या. डिसेंबरात सकाळी आठला उजाडतं आणि पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून आम्ही दहाला निघून चारला घरी यायचं ठरवून टाकलं. स्ट्रीमलाइन नावाची गावातली बस फुकट आहे. आम्हाला तिचा मोठा आधार झाला. रविवारचं आणि सुट्ट्यांचं वेळापत्रक मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा, थंडीत थांब्यावर ताटकळणं म्हातारपणी परवडत नाही.

आता म्युझियम ऑफ द रॉकीज. बोझमनला एकच गोष्ट बघायची झाली तर ही. म्युझियम विद्यापीठाचंच आहे. दाराबाहेर ब्राँझचा भलामोठा टी-रेक्स डायनासोर उभा आहे. त्याला सगळे 'बिग माइक' म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या पाठीवर वीतभर बर्फ साचला होता. तो ज्या सांगाड्यावरून घडवला तो सांगाडा १९८८ साली कॅथी वँकेल नावाच्या, पशुपालन करणाऱ्या घरातल्या बाईंना फोर्ट पेक जलाशयाजवळ सापडला. कुटुंबाबरोबर सहलीला गेल्या होत्या, जमिनीतून हाड डोकावताना दिसलं. मूळ सांगाडा आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. आतल्या दालनात मोंटानातलाच दुसरा टी-रेक्स उभा आहे. त्याच्या दातांखाली उभं राहिल्यावर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.

पण मी जिथे खिळून उभी राहिले ती जागा टी-रेक्सची नव्हती, मायासोराची होती. त्याची गोष्ट अशी. बायनम नावाच्या खेड्यात मॅरियन ब्रँडव्होल्ड या बाई दगड आणि जीवाश्मांचं छोटं दुकान चालवायच्या. त्यांना काही इवलीशी हाडं सापडली होती, ती त्यांनी कॉफीच्या डब्यात ठेवलेली. १९७८ साली जीवाश्मांच्या शोधात असलेले जॅक हॉर्नर आणि बॉब मकेला तिथे आले, त्यांनी ती पाहिली आणि ही डायनासोरच्या पिल्लांची हाडं आहेत हे ओळखलं. पुढे त्याच भागात घरटी सापडली, अंडी सापडली, आणि घरट्यात बसलेली पिल्लं सापडली. पिल्लांच्या पायांचे सांधे अजून पुरते तयार झाले नव्हते, म्हणजे त्यांना धड चालता येत नसणार. तरी दात झिजलेले. म्हणजे ती खात होती. मग घास आणून कोण देत होतं? त्यावरूनच नाव पडलं मायासोरा, 'चांगली आई'. डायनासोरच्या नावांना शेवटी एरवी 'सोरस' असतं, इथे स्त्रीलिंगी 'सोरा' आहे.

पस्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं, पण झिजलेल्या दातांवरून आईपर्यंत पोचता येतं हे मला त्या काचेपुढे कळलं. आधी फक्त पुरावा ठेवायचा, मग प्रश्न, मग उत्तर. मी वही काढून तिथेच उतरवून घेतलं. गावच्या शाळेत जाऊन हा धडा घ्यायचा आहे.

ट्रायसेराटॉप्स या तीन शिंगांच्या डायनासोरच्या कवट्यांची रांग यांना फार आवडली. पिल्लापासून थोराडापर्यंत कवट्या वयाप्रमाणे मांडल्यात. लहानपणी कपाळावरची शिंगं मागे वळलेली असतात आणि वय वाढेल तशी ती पुढे वळतात. यांचं बालपण खिलार बैलांमध्ये गेलेलं, त्यामुळे हे त्या रांगेपुढून तीनदा गेले आणि प्रत्येक वेळी शिंगांच्या बुडाशी वाकून बघत राहिले.

इथे सांगायचं ते हे, की हे म्युझियम एका दिवसात उरकू नका. तिकीट काढताना दुसऱ्या दिवशी तेच चालेल का आणि ज्येष्ठांना सवलत आहे का, दोन्ही विचारा. आम्ही पहिल्या दिवशी फक्त डायनासोर पाहिले. दुसऱ्या दिवशी वरचं मुलांचं दालन, जुन्या मोंटानाचा इतिहास आणि तारांगण. तारांगणाची वेळ दुपारी धरा. खुर्चीत मागे रेलून अंधारात आकाश बघताना पायांना विश्रांती मिळते आणि मग उरलेलं बघायचं बळ येतं. नातवंडं बरोबर असतील तर मुलांच्या दालनासाठी दोन तास वेगळेच ठेवा, तिथे सगळं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या धर्तीवर मांडलंय आणि मुलं निघायला तयार होत नाहीत.

दुसरी जागा विद्यापीठाच्या जवळच, अमेरिकन कॉम्प्युटर अँड रोबोटिक्स म्युझियम. जॉर्ज आणि बार्बरा केरेमेदजिएव्ह या दांपत्याने १९९० साली ते सुरू केलं. बाहेरून एखाद्या ऑफिसाची बैठी इमारत वाटते, आम्ही आधी पुढे निघून गेलो होतो. मला वाटलं होतं, जुने कॉम्प्युटर असतील, यांना आवडेल, मी बसेन कुठेतरी. बसायला मिळालं नाही, कारण सुरुवातच मातीच्या पाट्यांपासून. मेसोपोटेमियातल्या, चार हजार वर्षांपूर्वीच्या, तळहातात मावतील एवढ्या. ओल्या मातीत बोरूच्या टोकाने दाबून केलेल्या पाचरीसारख्या खुणा. अशा बहुतेक पाट्या म्हणजे धान्य, गुरं, मजुरी यांचे हिशेब. यांनी बत्तीस वर्षं बँकेत खतावण्या लिहिल्या, ताळेबंद जुळेपर्यंत रात्री नऊ-नऊला घरी आले. ते काचेवर दोन्ही हात टेकून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, हा तर हिशेबच आहे." त्यांच्या आवाजात इतका आनंद मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा ऐकला.

पुढे जर्मनांचं गुप्त संदेशांचं एनिग्मा यंत्र आहे, चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानांचा कॉम्प्युटर आहे, अगदी पहिला ॲपल कॉम्प्युटर आहे, उघड्या पाटीसारखा, ना पेटी ना पडदा. दालनं लहान आहेत आणि वाचायला खूप आहे. वाचायचा चष्मा विसरू नका, आणि दोन तास तरी हाताशी ठेवा. कुठल्या दिवशी बंद असतं ते निघण्याआधी बघा. हिवाळ्यात वेळा बदलतात.

मेन स्ट्रीटवर एक अख्खा दिवस जातो. पश्चिमेच्या टोकाला गॅलाटिन काउंटीचा जुना तुरुंग आहे, १९११ सालचा. आता ते इतिहासाचं म्युझियम आहे, कोठड्या आणि फाशीची चौकट तशाच ठेवल्यात. मला तिथे फार वेळ थांबवेना, हे मात्र सगळं वाचून आले. तिथून जवळ एमर्सन सेंटर, ही शंभरेक वर्षांची शाळेची इमारत. शाळा हलली तेव्हा गावाने ती पाडली नाही, कलावंतांना दिली. लांब रुंद व्हरांडे, दोन्ही बाजूंना वर्गखोल्या, आणि एकेका वर्गात कुणी मातीची भांडी करतंय, कुणी चित्र काढतंय, कुणी व्हायोलिन शिकवतंय. आपल्याकडे पट कमी झाला म्हणून बंद पडलेल्या शाळा मी पाहिल्यात, कौलं ढासळलेली, दाराला कुलूप. त्या व्हरांड्यात मला त्या आठवत राहिल्या. दारं उघडी असली तर आत जाऊन बोला, लोक हातातलं काम थांबवून समजावून सांगतात.

'कंट्री बुकशेल्फ' हे पुस्तकांचं दुकान १९५७ पासून चालू आहे. इथे घ्याल ते लेबलवरच्याच किमतीला मिळतं, कारण मोंटाना राज्यात विक्रीकर नाही. पुढे पूर्वेला गावाची सार्वजनिक लायब्ररी. पाहुण्यालाही मोकळेपणाने बसता येतं, कुणी ओळखपत्र मागत नाही. मोठ्या खिडक्यांशी खुर्च्या आहेत, ऊन आत येतं. बर्फाच्या वादळात दोन दिवस आम्ही तिथेच काढले. विद्यापीठाच्या लायब्ररीत ट्राउट माशांवरच्या पुस्तकांचा स्वतंत्र मोठा संग्रह आहे हे मला फार अपूर्वाईचं वाटलं. पण नाताळ ते जानेवारीचा मध्य विद्यापीठाला सुट्टी असते, तेव्हा वेळ विचारून जा. संध्याकाळी काही बघायचं असेल तर १९१९ सालचं एलन थिएटर आहे, तिथे नाटकं, गाणी, जुने सिनेमे चालू असतात.

गरम पाण्याच्या कुंडांबद्दल मी साशंक होते. बोझमन हॉट स्प्रिंग्ज गावापासून बारा-तेरा किलोमीटरवर, फोर कॉर्नर्स नावाच्या वस्तीजवळ आहेत. वज्रेश्वरी, उन्हवरेची कुंडं माहीत असलेल्या माणसाला कल्पना नवी नाही, इथे फरक एवढाच, की काही हौदांवर छप्पर आहे आणि हौद वेगवेगळ्या तापमानाचे आहेत. आमच्या वयाच्या बायकांनी संकोच करू नये. कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत पाय झाकणारा पोहण्याचा पोशाख भारतातूनच घेऊन जा, तिथे कुणी वळूनही बघत नाही. सुती कपडे चालत नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, सगळ्यात गरम हौदात दहा मिनिटांवर थांबू नका आणि उठताना कठडा धरा. निघण्याआधी केस पूर्ण वाळवा. मी घाई केली, तर गाडीपर्यंत जाईतो बटा काडीसारख्या कडक झाल्या होत्या. यांचे गुडघे त्या रात्री पहिल्यांदा न ठणकता गेले, म्हणून पुढे दर आठवड्याला एकदा गेलो.

खाण्याचं काय, हा प्रश्न शाकाहारी माणसाला पडतोच. कम्युनिटी फूड को-ऑप हे सभासदांच्या मालकीचं दुकान १९७९ पासून आहे, तिथे गरम तयार जेवणात भाज्या, डाळी, भात मिळतात आणि बसून खाता येतं. तिथेच सुट्ट्या धान्याच्या डब्यांमध्ये मला मसूर दिसला, मोंटानात पिकलेला. लेक म्हणाली, अमेरिकेतला मसूर सगळ्यात जास्त पिकतो तो मोंटाना आणि नॉर्थ डकोटातच. अर्धा किलो मोजून घेतला. आकाराने बारीक, शिजायला चांगला, सालीला धरून राहतो. गोडा मसाला मी नेलाच होता. आमसूल, गूळ घालून आमटी केली, लेकीचे दोन सहकारी जेवायला आले आणि पातेलं पुसून खाल्लं. मसाला, आमसूल, पोह्याचे पापड नीट पॅक करून न्या. बाकी धान्य नेण्यात ओझं करू नका.

तिथे जायचं असेल तर मुंबईहून शिकागो, डेन्व्हर किंवा सिएटल असं कुठेतरी बदलून जावं लागतं. हिवाळ्यात शेवटच्या विमानाआधी चार तास तरी मोकळे ठेवा, आणि जाड कोट सामानात न टाकता हातात ठेवा. प्रवासाचा आरोग्य विमा काढताना आधीच्या आजारांचं कलम नीट वाचा. माझ्या मनगटासाठी काही लागलं नाही, पण त्या दिवशी सगळ्यात आधी विम्याचाच कागद शोधला होता.

मेन स्ट्रीटवर १९२९ सालचं बॅक्स्टर हॉटेल आहे. त्याच्या गच्चीवर निळा दिवा आहे. जवळच्या ब्रिजर बोल स्कीइंगच्या डोंगरावर ताजा बर्फ पडला की तो लुकलुकायला लागतो, आणि गावातली तरुण मुलं दुसऱ्या दिवशीचे बेत ठरवतात. आम्ही समोरच्या कॉफीच्या दुकानात बसून तो बघायचो. डोंगरावर पडला म्हणजे गावातही पडेलच असं नाही. तरी परतीच्या आदल्या रात्री तो लुकलुकत असेल, तर विमानतळासाठी घरून तासभर आधी निघा. गाडीची काच खरवडायलाच वीस मिनिटं जातात.