इटालियन शिकायचंय? मग मराठीचा कान सोबत ठेवा

बोलोन्याला मास्टर्ससाठी येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे मेसेज येतात, त्यात एक प्रश्न हमखास असतो: "ताई, कोर्स तर पूर्ण इंग्रजीत आहे, मग इटालियन शिकायलाच हवं का?" माझं उत्तर ठाम आहे. शिका, आणि पहिल्या दिवसापासून तोंड उघडून शिका.

कोर्स इंग्रजीत असला तरी शहर इटालियनमध्ये चालतं. आल्यावर आठ कामकाजी दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे 'पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो'चा अर्ज पोस्टात द्यावा लागतो. त्याला 16 युरोचा महसुली स्टॅम्प लागतो, आणि तो मिळतो तंबाखूच्या दुकानात. हे सगळं काउंटरपलीकडच्या माणसाशी बोलूनच होतं. घरमालकीण, डॉक्टर, गॅसवाला, खालच्या मजल्यावरच्या आजी, सगळ्यांशी इटालियनच. विद्यापीठाच्या आवारात इंग्रजीवर निभावतं, पण आवार संपून शहर कुठे सुरू होतं हे बोलोन्यात सांगताच येत नाही. परंपरेनं या विद्यापीठाची स्थापना 1088 सालची मानतात आणि त्याच्या इमारती व्हिया झाम्बोनी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, चर्च, घरं यांच्यात मिसळून गेल्या आहेत. वर्गातून बाहेर पडलं की थेट रस्ता.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचं भाषा केंद्र इटालियनचे वर्ग चालवतं. मी ए-वन म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून सुरुवात केली. वर्गात ब्राझील, इराण, तुर्कस्तान, चीन, व्हिएतनाम अशा सगळीकडची मुलं. भर बोलण्यावर. पुस्तक होतं, पण सुरुवातीला ते बंदच असायचं. बाईंनी आधी चार वाक्यं दिली: हे कसं म्हणतात, पुन्हा सांगाल का, जरा सावकाश, आणि मला समजलं नाही. "ही चार वाक्यं आली की तुम्ही कोणाशीही बोलायला मोकळे," असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं आहे. मग एकेकाच्या हातात कागद यायचा: 'सकाळी सातच्या आत उठणारा माणूस शोधा', 'जिला दोन बहिणी आहेत अशी मुलगी शोधा'. सगळा वर्ग उठून फिरायचा आणि एकमेकांना विचारत सुटायचा. कोणी चुकलं की बाई थांबवायच्या नाहीत. तेच वाक्य बरोबर करून सहज स्वतः म्हणायच्या, जणू गप्पाच चालल्यात. पुढच्या वेळी ते वाक्य आपल्या तोंडून आपोआप बरोबर येतं. आपल्याकडे घरात लहान मूल बोलायला लागतं तेव्हा आजी हेच करते.

मला सगळ्यात आवर्जून सांगायचंय ते पुढचंच. आपण मराठी माणसं परकी भाषा शिकताना मध्ये इंग्रजी घालतो. वही उघडायची, डावीकडे इटालियन, उजवीकडे इंग्रजी अर्थ. इटालियनपुरतं तरी हे करू नका. इंग्रजीतून बघितलं की ही भाषा अपवादांनी भरलेली वाटते. मराठीतून बघितलं की तिची निम्मी रचना ओळखीची निघते.

उच्चारच घ्या. आपला त आणि द दंत्य, इटालियनचाही तसाच. र जिभेच्या टोकावर वाजतो, तो आपल्याला येतोच. जोडाक्षरांतली द्वित्तं तर आपल्या हाडात आहेत. 'पती' आणि 'पत्ती' यांतला फरक कोणी समजावून द्यावा लागत नाही. इटालियनमध्ये 'सेते' म्हणजे तहान आणि 'सेत्ते' म्हणजे सात, 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. हे द्वित्त ऐकू येण्यासाठी माझ्या काही वर्गमित्रांनी अक्षरशः आठवडे घालवले. आणि आपले दोन च! 'चिमणी'तला च वेगळा, 'चमचा'तला वेगळा. इटालियनमध्ये दोन्ही आहेत. 'चाव' म्हणताना चिमणीचा, आणि 'पित्सा', 'ग्रात्स्ये' म्हणताना चमच्याचा. ज चंही तसंच. डासाला इथे 'झान्झारा' लिहितात, पण त्यातले दोन्ही उच्चार 'जवळ'मधल्या ज च्या जातीचे. (बोलोन्याच्या उन्हाळ्यात हा शब्द रोज लागतो.) हिंदीभाषक मित्राला हे दोन च, दोन ज वेगळे करताना किती कष्ट पडले ते बघून मला आपल्या वर्णमालेचा मनापासून अभिमान वाटला.

उच्चारांहून जास्त गंमत वाक्यरचनेत आहे. पहिल्याच महिन्यात 'मी प्याचे' शिकवतात. हा 'मी' आपला मी नव्हे, त्याचा अर्थ 'मला'. 'मी प्याचे इल काफ्फे', मला कॉफी आवडते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे उलटं वळावं लागतं, कारण तिथे ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो. आपल्याकडे आणि इटालियनमध्ये आवडणारी वस्तू कर्ता. म्हणून एक पुस्तक 'प्याचे', अनेक पुस्तकं 'प्याच्चोनो'. आवडतं, आवडतात. बाईंनी फळ्यावर हा नियम लिहिला तेव्हा वर्गात कुजबुज सुरू झाली, आणि मी मात्र पटापट वाक्यं करत सुटले. मला वाटतं, मला लागतं, मला पुरतं, अशा सगळ्या क्रियापदांना तीच गत लागू पडते.

वेळ सांगायची रीत बघा. एक वाजला, तीन वाजले. 'ए लूना', 'सोनो ले त्रे'. एकासाठी एकवचन, पुढे सगळीकडे अनेकवचन. आणि घड्याळ जवळ नसताना आपण म्हणतो, "तीन वाजले असतील." भविष्यकाळाचं रूप, अर्थ मात्र अंदाजाचा. इटालियन माणूस अगदी तेच करतो: 'सारान्नो ले त्रे'. हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं ते बसस्टॉपवर एका बाईंच्या तोंडून. व्याकरणाच्या पुस्तकात ते पुष्कळ नंतर येतं, पण मला त्याच क्षणी समजलं होतं.

भूतकाळात तर आपलं नातं आणखी घट्ट. मी गेले, माझा भाऊ गेला. 'सोनो आन्दाता' बाईनं म्हणायचं, 'सोनो आन्दातो' पुरुषानं. सकर्मक क्रियापदात मराठीत क्रियापद कर्माच्या मागे जातं: मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला. इटालियनमध्येही कर्म सर्वनाम होऊन आधी आलं की कृदंत त्याच्याप्रमाणे बदलतं. पत्रं? 'ले ओ स्क्रित्ते', ती मी लिहिली. अपवाद आहेतच. झोपणं आपल्याकडे 'मी झोपले', इटालियनमध्ये मात्र त्याला लिंग लागत नाही. पण असे अपवाद लक्षात ठेवणं सोपं, कारण मूळ नियम आधीच अंगवळणी पडलेला असतो.

मराठी उपयोगी पडत नाही अशा जागाही आहेत, आणि तिथे घाम गाळावाच लागतो. आपल्याकडे उपपदं, म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखे शब्द, नाहीत. इथे प्रत्येक नामापुढे इल, लो, ला, ई, ल्यी, ले यांतलं एक हवं, आणि ते शब्दयोगीशी चिकटून पुन्हा रूप बदलतं. याला घोकंपट्टीशिवाय इलाज नाही. मी प्रत्येक नाम उपपदासकटच पाठ करते. नपुंसकलिंग नाही, एवढी मात्र सूट आहे.

वर्गाबाहेरचा माझा आवडता वर्ग म्हणजे पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाला लागून असलेल्या क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्या. चीज, ताजा पास्ता, भाजी, मासळी यांची दुकानं एकाला एक लागून. तिथे किलो-ग्रॅमचं गणित 'एत्तो'वर चालतं. एक एत्तो म्हणजे 100 ग्रॅम. आपण पावशेर म्हणतो तितक्या सहज इथले लोक 'दोन एत्तो' म्हणतात. दुकानात शिरलं की आधी विचारायचं, शेवटचं कोण? म्हणजे रांगेतली आपली जागा ठरते. पाळी आली की दुकानदार म्हणतो, 'मी दीका', सांगा मला. मी दोन एत्तो तोर्तेल्लोनी मागते, म्हणजे आत रिकोत्ता चीज भरलेला पास्ता. मी शाकाहारी आहे, तेव्हा पुढचे प्रश्न ओघानं येतात: यात मांस आहे का, कोणत्या रसात उकळतात, चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, कुठलं. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं ही माहिती मला अशाच एका काउंटरवर इटालियनमध्ये मिळाली. मागे रांग असतानाही दुकानदार बाईंनी नीट, सावकाश समजावून सांगितलं. 'आल्त्रो?' आणखी काही? 'बास्ता कोझी', एवढंच. एका फेरीत पुस्तकाचा सबंध धडा होतो.

दुसरा वर्ग रस्त्यावरचा. बोलोन्याच्या बोलीत 'उमारेल' म्हणून शब्द आहे. हात पाठीमागे बांधून, कुठेही खोदकाम चालू असलं की जाळीपाशी उभे राहून ते बघणारे निवृत्त आजोबा. सध्या शहरात ट्रामचं काम चालू असल्यामुळे त्यांना कामाची कमतरता नाही. नवशिक्याला यांच्याइतका चांगला गुरू मिळणार नाही: वेळ भरपूर, आवाज खणखणीत, आणि विषय डोळ्यांसमोर. मी एका आजोबांना विचारलं, "हे काय करताहेत?" त्यांनी रुळांची रुंदी, खालचे पाइप, आधीच्या कंत्राटदारानं काय करायला हवं होतं, सगळं हातवारे करून सांगितलं. कळलं नाही तिथे मी 'म्हणजे?' विचारायची आणि ते बोटानं दाखवायचे. मग त्यांनी विचारलं, मी कुठली. भारतातली म्हटल्यावर त्यांचा लगेच पुढचा प्रश्न: "नोवेल्लाराला राहता का?"

नोवेल्लारा हे रेज्जो एमिल्या प्रांतातलं छोटं गाव. तिथे मोठा गुरुद्वारा आहे, कारण पो नदीच्या या सपाट मुलखातल्या गोठ्यांमध्ये अनेक वर्षांपासून पंजाबी शीख काम करतात. ज्या चीजनं हा भाग जगात ओळखला जातो त्याच्या दुधामागे त्यांचेही कष्ट आहेत. त्यांच्यातल्या एका काकांशी ट्रेनमध्ये माझं बोलणं झालं. त्यांनी कधी वर्ग लावला नव्हता. गायी, मालक आणि सहकारी यांच्यासोबत राहून भाषा आली, आणि तीही एमिल्याच्या ठसक्यासकट. मी शिकतेय ते पुस्तकी इटालियन ऐकून त्यांनी मला लगेच दोन स्थानिक शब्द दिले. कचऱ्याला 'रुस्को', आणि खालून बेल वाजवल्यावर वरून दार उघडण्यासाठी दाबायचं ते बटण म्हणजे 'तीरो'. फ्लोरेन्सला जाऊन हे शब्द वापरले तर बघत राहतील, पण बोलोन्यात घरमालकीणबाई यांच्याशिवाय बोलतच नाहीत.

आदराची भाषा मात्र कोणी शिकवावी लागली नाही. तू आणि 'लेई' यांतलं अंतर आपल्या तू आणि तुम्हीसारखंच. दुकानदार, प्राध्यापक, अनोळखी वडीलधारे यांना 'लेई'. वर्गमित्रांना, लहानांना तू. कोणाच्या घरी पाऊल टाकताना 'पेर्मेस्सो' म्हणायचं, आपण दारातून 'येऊ का?' विचारतो तसं. आमच्या खालच्या आजींनी पहिल्यांदा 'मला तूच म्हण' असं सांगितलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. माझ्या आजीलाही मी तूच म्हणते.

बोलण्यावर एवढा भर का, याचं उत्तर इथल्या परीक्षांत आहे. इटलीत विद्यापीठाच्या पुष्कळ परीक्षा तोंडी होतात, माझ्या इंग्रजीतल्या मास्टर्सच्याही. प्राध्यापक टेबलापलीकडे, विद्यार्थी अलीकडे, आणि मागे पुढच्या पाळीची मुलं ऐकत बसलेली. गुण 30 पैकी, 18 ला पास, आणि उत्कृष्ट असेल तर '30 ए लोदे', म्हणजे गौरवासह 30. गुण तिथल्या तिथे सांगतात, आणि ते पटले नाहीत तर नाकारून पुन्हा परीक्षेला येता येतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं पेपर लिहून आलेल्या मुलांना याची धास्ती वाटते. मला इटालियनच्या वर्गानं त्यासाठी तयार केलं. विचार करता करता बोलत राहायचं, अडलं तर 'आल्लोरा', म्हणजे 'तर मग', म्हणून श्वास घ्यायचा, शब्द नसला तर वळसा घालून अर्थ पोचवायचा. ही सवय पुढे इंग्रजीतल्या तोंडी परीक्षेतही उपयोगी पडली.

ए-वनची परीक्षाही तोंडीच झाली. जोडीनं बसवलं, एक चित्र दिलं, मग मागच्या शनिवार-रविवारबद्दल विचारलं. मी सान लुकाला चढून गेल्याचं सांगितलं. शहराच्या वेशीपासून टेकडीवरच्या त्या देवळापर्यंत 666 कमानींचा सलग छत असलेला रस्ता आहे, जवळपास चार किलोमीटरचा. माझी टँडेम मैत्रीण, म्हणजे जिच्याशी मी भाषेची देवाणघेवाण करते ती, आणि मी तिथे नेहमी जातो. जाताना इटालियन, उतरताना इंग्रजी, असा आमचा करार आहे. चढण तीव्र होते तिथे वाक्यं आपोआप छोटी होतात आणि नेमकी तिथेच माझी इटालियन सगळ्यात चांगली वाहते.

आता ए-टू सुरू आहे. बी-वनला पोचलेल्या मैत्रिणी 'कॉन्जुंतीवो'ची भीती घालतात: मनातली शंका, इच्छा, अंदाज सांगताना क्रियापदाचं वेगळंच रूप. मी त्यांची वही मागून घेऊन पाहिली. पहिलं उदाहरण होतं 'पेन्सो के सिया आ काझा'. मला वाटतं, तो घरी असावा.